होडीच्या रंगाची गिटार

आमच्या घरात बेस गिटार वाजली की गाण्याआधी भांडी ऐकू यायची. अंधेरी पूर्वेला, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी आणि माझा स्पीकरचा खोका, आतल्या खोलीत आई आणि तिची स्टीलची मांडणी. मधली भिंत इतकी पातळ की आई पलीकडे लसूण ठेचायला लागली की अलीकडे माझ्या पाठीला कळायचं. बेस गिटारला चारच तारा. त्यातली सगळ्यात जाड तार छेडली की वरच्या फळीवरचं तपेलं घुमायचं, तिच्या शेजारची तार पेल्यांना हलवायची आणि तिसरी मिसळणाच्या डब्यातल्या चमच्याला. चौथ्या बारीक तारेला कोणी भीक घालायचं नाही. आपल्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही असं आई स्वतःच सांगते, पण एखाद्या दिवशी ती पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "तुझी जाडी तार उतरली गो. तपेला आज मुका आसा." मी खुंटी पिळून बघायचे तर तार खरंच उतरलेली असायची. बाकीची पोरं तार जुळवायला पैसे मोजून यंत्रं आणायची. मला ते यंत्र दोन वेळच्या जेवणासकट मिळालं होतं.

लोक अजून विचारतात की मुलीची जात, त्यात मालवणी, त्यात ही असली गिटार, हे खूळ आलं कुठून. चार माणसांत मी काहीतरी भारदस्त उत्तर देते, खोल स्वरांची ओढ वगैरे. खरं सांगायचं तर ती कोणाला नको होती म्हणून मला मिळाली. कॉलेजातल्या प्रत्येक पोराला सहा तारांची गिटार हवी असायची, कारण पुढे उभं राहून मान झटकायची ती त्या गिटारवर. बेसवाला मागे उभा राहणार, फोटोत अर्धा कापला जाणार. त्यामुळे एखादा बँड फुटला की बाकी सामान हातोहात जायचं आणि बेस कोणाच्या तरी पलंगाखाली धूळ खात पडायची. आईचं एक तत्त्व आहे, मासळी घ्यायची तर बाजार उठायच्या वेळेला घ्यावी. मी तेच गिटारीला लावलं. दुकानांतल्या फळ्यावरच्या चिठ्ठ्या, सायबर कॅफेतल्या जाहिराती, कोणाच्या तरी भावाचा मित्र, असं करत मी पडेल भावात बेस आणायचे, उघडायचे, तारा-बटणं नीट करायचे, रंगवायचे आणि विकायचे. घरात एका वेळी एकच, हा आईचा कायदा. दुसरी आली की पहिलीने उंबरा ओलांडायचा. त्यामुळे झालं असं की माझ्या हातून गिटारी पुष्कळ गेल्या पण माझी म्हणावी अशी एकही राहिली नाही. जिच्यावर जीव बसायचा ती रविवारी कोणीतरी पाठीला लावून घेऊन जायचा आणि मी गॅलरीतून बघत राहायचे.

रंगाचं काम बाबांच्या जिवावर चाले. गिरणी बंद पडल्यावर ते साकीनाक्याला एका गाळ्यात लागले होते, छताच्या पंख्यांची पाती रंगवायच्या कामाला. सुट्टीच्या दिवशी शेठ गाळा वापरू द्यायचा, डब्याच्या तळाशी उरलेला रंगही द्यायचा, पण रंग म्हणजे पंख्याचाच. गडद चॉकलेटी, हस्तिदंती, नाहीतर तो दवाखान्यातला पिस्ता. त्या काळात अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही गल्लीतल्या बँडमध्ये पिस्ता रंगाची बेस दिसली तर समजावं, ती आमच्या बाबांच्या हातची. मुलुंडच्या एका आगाऊ पोराने गिटार हातात घेऊन बाबांना विचारलं होतं, काका, याचा रेग्युलेटर कुठे आहे. बाबांनी त्याला शांतपणे आवाजाचं बटण दाखवलं. बाबा बोलायचे कमी. सगळं बोलणं ते देवासाठी राखून ठेवायचे. मंडपवाल्याने फेकून दिलेला एक मोठा स्पीकर मी आणला, त्याला सुताराकडून खोका बनवून घेतला आणि अँप्लिफायर जोडून पहिल्यांदा चालू करणार, तेवढ्यात बाबा नारळ घेऊन आले आणि खोक्यासमोर उभे राहून त्यांनी चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवान ह्या खोक्यात करंट सोडूचो बेत केल्यान हा. तेका यश दी. वरच्या माळ्यावरच्या बाईची वाकडी नजर पडली असात, तर ती परती फिरव रे म्हाराजा." आई आतून, कढईत मासे परतता परतता, "व्हय म्हाराजा" म्हणाली. मी बटण दाबलं. वरच्या माळ्यावरची बाई लगेच खाली आली. देवाने यश दिलं होतं, फक्त खोक्याला.

विकायचं काम आईचं. सुरुवातीला तिला धास्ती होती. केस वाढवलेली, कानात बाळी घातलेली पोरं दार वाजवतात म्हटल्यावर इमारतीत काय काय बोललं जात असेल ते बोललं गेलंच. पण एकदा एका पोराने माझ्याशी घासाघीस सुरू केली, मी पाघळायला लागले आणि आईला ते आतून ऐकवेना. ती पदर खोचून बाहेर आली आणि त्या पोराच्या समोर बसली. आयुष्यभर जी बाई कोळणीच्या समोर बसून भाव पाडत आली तिला आता पलीकडची बाजू मिळाली होती. कोळणीचे सगळे डाव तिला पाठ होते. गिऱ्हाईक उठून गेलं तर हाक कधी मारायची, टोपलीवर कापड कधी ओढायचं, आजचा तुझा पहिलाच हात आहे हे कुठल्या आवाजात म्हणायचं. तो पोरगा गिटार घेऊन गेला आणि जाताना आईच्या पाया पडून गेला. आई आता पंच्याऐंशीला टेकली आहे. हे प्रकरण मी तिला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, समदा खोटा लिवलंस, तो पाया नाय पडलो, तेची चप्पल खाटीखाली गेली हुती.

आईचे हे डाव जिच्याकडून आले ती हिरामावशी. खारदांड्याची कोळीण, अंधेरीच्या बाजारात बसायची. आई आणि ती वर्षानुवर्षं एकमेकींना लुटारू म्हणत होत्या आणि एक दिवस दुसरी दिसली नाही तर दोघींचा जीव वर-खाली व्हायचा. एका सकाळी पापलेटाचे कल्ले उघडून बघता बघता आईने माझ्या धंद्याची तक्रार केली की पोरीने घराचं गोदाम केलंय. मावशी सुरीची धार बघत म्हणाली की तसलं एक धूड तिच्याही घरी भिंतीला आहे. नवरा आधी हळदीच्या बँडमध्ये वाजवायचा. होडी विकल्यापासून त्याने त्या धुडाला हात लावला नाही. आईने माझ्याकडे बघितलं नाही, पण पापलेट खाली ठेवलं. एरवी ती असं करत नाही.

मी आणि आई दांड्याला तिच्या घरी गेलो तर भिंतीवर खिळ्याला एक निळी वस्तू टांगलेली. आधी मला वाटलं, वल्ह्याचं फळकूट आहे. मावशीच्या नवऱ्याने, काशिनाथकाकांनी, ती उतरवून माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या पायाला रग लागली. रंग इतका जाड की कडा गोल झालेल्या, स्क्रू बुजलेले, मानेच्या टोकाला कंपनीचं नाव असतं तिथेही निळं. मी विचारलं, हा कसला रंग. काका म्हणाले, होडीचा, दुसरा कसला. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी होडी रंगवली की डब्यात जो उरेल त्याचा एक हात हिच्यावर. जी वर्षं होडीची तीच हिची. अहो, पण आतली पिकअप, तारांचा आवाज धरणारी ती लोहचुंबकं, त्यांवरही रंग? ते म्हणाले, मग, खारं वारं काय त्यांना सोडेल? मी हसू दाबलं. पण मागचा लोखंडी पत्रा, खुंट्यांचा आकार, मानेचा जोड, हे बघताना माझं हसू आपोआप गेलं. आत काय आहे याचा मला वास आला होता. जुनी जपानी बेस होती ती, जी आमच्यासारख्यांनी दुकानाच्या काचेतूनसुद्धा बघितली नव्हती.

काका म्हणाले, वाजव. मला जेवढं येत होतं तेवढं मी वाजवलं, म्हणजे सारेगम आणि उलटं मगरेसा. गिटार उघडून बांधायची मला दांडगी हौस, वाजवण्याच्या नावाने आनंद. काका ऐकून हसले. "पोरी, तू हिला नुसती विचारतेस, कशी हायेस म्हनून. बोलत नाय हिच्याशी." मग त्यांनी स्वतः घेतली, पण मी सोबत नेलेल्या लहानशा स्पीकरला जोडून बघितली तर आवाजच फुटेना, नुसती घरघर. त्यांचा चेहरा पडला. वैशाखात धाकट्या मुलीचं, जयूचं, लग्न होतं. थोरल्या दोघींच्या हळदीला त्यांनी वाजवलं होतं आणि जयू लहानपणापासून म्हणत होती की माझ्या हळदीलाही बाबाच वाजवणार. सांधे धरत चालले होते, यानंतर बोटं चालतील की नाही देव जाणे. एवढी एकच हळद हवी होती त्यांना.

आणि मला ती गिटार हवी होती. इतकी की तिथे बसल्या बसल्या मी मनात ठरवून टाकलं, ही विकायची नाही. ही आली की आईचा कायदा गेला खड्ड्यात. आईला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. तिने मावशीशी बोलणं सुरू केलं. मी रंग काढेन, आवाज परत आणेन, हळदीला माझा खोका फुकट, वर मी स्वतः हजर. हळद झाली की गिटार आमची. मावशीने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, हळदीनंतर मला तिचं काय करायचंय, लोणचं घालू? मावशीने आईच्या हातावर हात मारला. परत येताना रिक्षात आई एवढी खुश होती की तिने रिक्षावाल्याशी घासाघीस केली नाही.

मग सुरू झालं खरवडणं. रविवारी, नाहीतर गाळा रिकामा असेल त्या वेळी, मी आणि बाबा गरम हवेची बंदूक आणि पत्रा घेऊन बसायचो. रंग गरम झाला की फुगायचा आणि पत्र्याखाली लांबलचक साल निघायची. काका बस बदलून बदलून दांड्याहून साकीनाक्याला यायचे आणि स्टुलावर बसून बघायचे. निळ्याखाली हिरवा निघाला की म्हणायचे, ही जयूच्या जन्माची साल, त्या वर्षी होडीला हिरवा दिला होता, हिरा म्हणाली मुलगा होईल. हिरव्याखाली पिवळा, तो मेव्हण्याच्या टॅक्सीचा उरलेला. त्याखाली लाल, तो कुठून आला ते त्यांनी सांगितलं नाही, नुसते इकडेतिकडे बघून म्हणाले, बंदरावर पडलेला होता. बाबा त्या लाल सालीकडे जरा आदराने बघायला लागले. त्या दोघांची चांगलीच गट्टी जमली. एक होडी रंगवणारा, एक पंखे रंगवणारा. दोघं तासन्‌तास ब्रशचे केस आणि थिनरचा वास यावर बोलायचे. बाबांना एवढं बोलताना मी घरात कधी ऐकलं नव्हतं. काका एकदा म्हणाले की तुझ्या बापाच्या हाताला होडी मिळाली असती तर मासा स्वतःहून बघायला वर आला असता.

शेवटची निळी साल निघाली तेव्हा काका आलेले नव्हते. खाली मध होता. म्हणजे रंग मधाचा; कडेला गडद तपकिरी, मध्याकडे येता येता उजळत गेलेला आणि आत लाकडाच्या रेषा, ओल्या असल्यासारख्या. मानेच्या टोकाला नावाची सोनेरी अक्षरं पुसट, पण शाबूत. मी पिकअपवरचा रंग सुईने टोकरून काढला, तुटलेली वायर जोडली, तारा चढवल्या आणि खोक्याला लावलं. त्या गाळ्यातल्या टांगलेल्या पंख्यांची सगळी पाती एकदम शहारली. बाबांनी हात जोडले. मला आठवतं, मी गिटारच्या पाठीवर गाल टेकवला होता आणि बाबांना म्हटलं होतं, हिला आता कोणी हात लावायचा नाही.

काका आले, त्यांनी बघितलं आणि ते एवढे घाबरले की मला काही समजेना. आनंद होईल, डोळ्यांत पाणी येईल, असलं काय काय मी मनात रंगवून ठेवलं होतं. ते दारातच उभे राहिले, जवळसुद्धा येईनात. म्हणाले, "ही नाय चालनार. हलदीला निलीच पायजे." मी समजावलं, बाबांनी समजावलं. असली चीज रंगवायची म्हणजे पाप आहे हो, असं मी ओरडून म्हटलं. ते एकच धरून बसले, निळी असेल तर वाजवीन, नाहीतर राहू दे, जयूला सांगतो की बोटं चालत नाहीत. घरी येऊन आईपुढे मी तांडव केलं. वाटलं होतं, ती पदर खोचेल आणि दांड्याला जाईल. तिने भाकरी थापत थापत सांगितलं की सौद्यात रंग काढायचं ठरलं होतं, पण नंतर वर कुठला द्यायचा याचं बोलणंच झालं नव्हतं, चूक आपली. हळद होईपर्यंत ती गिटार त्याची; तो निळी म्हणो नाहीतर जांभळी. मी त्या रात्री जेवले नाही. तिसऱ्या भाकरीच्या वेळेला जेवले, पण रागाने.

रंग द्यायचा तो हळदीच्या आदल्या दिवशीच, कारण त्याआधी मी हातच लावू देईना. रोज काही ना काही कारण काढत होते, आशा वाटत होती की म्हातारा विरघळेल. शेवटी काकांनी होडीवाल्या मित्राकडून निळ्याचा डबा आणला. ब्रश कोणी मारायचा यावर पुन्हा वाद झाला. मी मारणार नाही म्हणाले आणि मला बघवणारही नाही. बाबा म्हणाले, तू घरी जा, मी करतो. मी खरंच निघून गेले. बसस्टॉपवर लहान मुलीसारखी रडले, आणि तिथे भेळ विकणाऱ्याने मला फुकट शेंगदाणे दिले.

हळदीच्या दिवशी दांड्याच्या गल्लीत मांडव, वरून दिव्यांच्या माळा, आणि उकाडा असा की नुसतं उभं राहिलं तरी पाठ भिजावी. बायका गुलाबी आणि हिरव्या साड्यांत, अंबाड्यावर गजरे, हातात हळदीची ताटं. जयू पाटावर बसलेली, तिचा चेहरा दिसत नव्हता एवढी हळद. काकांनी स्वतःच्या दोन्ही हातांनी तिच्या गालाला हळद लावली, हात धोतराला पुसल्यासारखे केले आणि गिटार गळ्यात अडकवली. बँडमधले त्यांचे जुने सोबती, एक ताशावाला, एक पेटीवाला, सगळे पिकलेले, मागे येऊन उभे राहिले. काकांनी पहिली तार सोडली आणि माझ्या खोक्यातून जो आवाज निघाला तो जमिनीतून वर आला. मांडवाच्या बांबूंना हात लावला तर हाताला कळत होता. मी किती वेळा स्वतः तो खोका वाजवला होता, पण त्याच्यात हे आहे हे मला माहीत नव्हतं. माझा राग तिथेच अर्धा उतरला, आणि हाव दुप्पट झाली. उद्या ही माझी, उद्या ही माझी, असं मी तालावर म्हणत होते.

दुसऱ्या गाण्याला जयू नाचत नाचत बापासमोर आली. काकांनी लाडाने तिच्या गालावर थाप मारली आणि तिच्या गालावर हिरवागार पंजा उठला. आधी एक पोर हसली, मग कोणीतरी बोट दाखवलं, मग सगळ्यांचं लक्ष काकांच्या हाताकडे. हळदीच्या पिवळ्यात होडीचा निळा मिसळून दोन्ही तळवे कैरीसारखे हिरवे झाले होते. एका दिवसात ऑइलपेंट पुरता वाळत नाही हे मला कळत होतं, पण हा तर नुसता हाताला लागत नव्हता, सुटून येत होता. काकांचा कोपर जिथे टेकत होता तिथला निळा गोळा होऊन सरकला होता आणि त्याखाली तळहाताएवढा मध दिसत होता. मी आईकडे बघितलं. आई बाबांकडे बघत होती. बाबा मांडवाच्या कापडाची वीण तपासत होते. काही केलेलं असलं की ते असेच वर बघतात.

पंख्याच्या ज्या भागाला रंग लागू द्यायचा नसतो तिथे ते लोक आधी मेणबत्ती घासतात. वरून रंग बसल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. मी गाळ्यातून रडत गेल्यावर माझ्या बापाने त्या गिटारच्या अंगावर मेणबत्त्या घासल्या होत्या, सबंध, की उद्या सौदा पुरा झाला की पोरीला नखाने रंग सोलता यावा. एवढं बोलायला तोंड नव्हतं म्हणून. दांड्याचा वैशाख त्यांनी हिशेबात धरला नव्हता.

काकांनी नखाने एक कपचा काढला, नाकाला लावला आणि बाबांकडे बघितलं. मेणाचा वास होडीवाल्याला काय सांगायचा. ते काही बोलणार तेवढ्यात गर्दीतून हिरामावशी आली आणि काकांनी पटकन तो उघडा पडलेला तुकडा हाताने झाकला. शाळेत पाटीवरचं चित्र झाकावं तसा. वाजवणं थांबलं. मावशीने त्यांचा हात उचलून बाजूला केला आणि त्या लाकडाकडे बघत राहिली. मग तिने सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "होरीच्या मशीनसाठी ठेवलेलं पैसं यानं गोदीतल्या खलाशाला दिलं न्‌ ही आनली. मी सबंध पावसाला याच्याशी बोलले नाय. तवा यानं हिला होरीचा रंग फासला, माझ्यापासून लपवाया. जशी काय मना दिसनारच नव्हती."

लोक हसले, काकाही कसेनुसे हसले. म्हणजे एवढी वर्षं दर नारळी पौर्णिमेला तो माणूस बायकोच्या धाकाने ती गिटार रंगवत होता, आणि बायको ते बघत होती, आणि दोघंही एक अक्षर बोलले नव्हते. मावशीने पदराचा शेव हातात गुंडाळला आणि गिटार पुसायला लागली. जोर लावून, परात घासावी तशी. उकडलेल्या बटाट्याची साल निघते तसा निळा निघत होता. दोन-तीन बायका पुढे झाल्या, त्यांनीही पदर लावले. मागचा ताशावाला म्हातारा म्हणाला, अरे, ही तर ती जपानवाली, पहिल्या दिवशी आनली तेव्हाची. मावशी घासता घासताच नवऱ्यावर खेकसली, "थांबलास कशाला? आता काय लपवायचं राह्यलंय? वाजव." त्यांनी वाजवलं. बायकोचा हात गिटारवर फिरत होता आणि खालून यांची बोटं चालत होती. नंतर मी मोठमोठ्या लोकांचं वाजवणं ऐकलं, पण असं नाही.

ते गाणं संपलं आणि मावशी आईपुढे येऊन उभी राहिली. पदर निळा-हिरवा-पिवळा झालेला. "वयनी, सौदा मोडला. ही मी आता देनार नाय."

मी आईचा हात धरला. मला तिला सांगायचं होतं की सोडू नकोस, तू कधीच सोडत नाहीस, पापलेटाच्या एका तुकडीसाठी तू अर्धा तास भांडतेस, ही माझी आहे, मी तिची एकेक साल काढली आहे. आईने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा तिला वाचता येतो, मला ते आवडो न आवडो. मग तिने पदर खोचला.

"बरा," ती म्हणाली. "पण मोडलेल्या सौद्याची भरपाई पडात."

"काय पायजे ते बोल."

"माझ्या चेडवाक वाजवूक शिकव. एवढे गिटारी इकल्यान, पण तेका एक धड वाजवूक येना नाय."

सगळ्या दांड्यासमोर. मला वाटलं, त्या मांडवात धरणी दुभंगावी. मावशीने नवऱ्याकडे न बघताच आईच्या हातावर हात मारला आणि म्हणाली, शिकायला येईल त्या दिवशी जेवूनच जाईल, त्याचं काही लावणार नाही. आई म्हणाली, लावशील कशी, शिळी मासळी तर घालणार. आणि त्या दोघी तिथेच भांडायला लागल्या.

काकांनी गळ्यातला पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला. हळद, मेण, थिनर आणि घाम, सगळ्याचा मिळून वास आला. वजनाने मी पुढे वाकले. त्यांनी आपल्या हिरव्या हाताने माझं बोट धरून जाड्या तारेवर ठेवलं. "ही एक तार. दुसरीला हात लावायचा नाय. मी मान हलवीन तवा सोड." पेटी सुरू झाली, ताशा सुरू झाला. पहिल्यांदा मी उशिरा सोडली, दुसऱ्यांदा लवकर, आणि ताशावाला म्हातारा देवाचं नाव घेऊन हसला. मग काकांची मान हलली आणि माझी तार तिच्याबरोबर गेली. परत गेली. खोका घुमला, मांडवाची जमीन घुमली, आणि समोरच्या बायकांचे पाय माझ्या तारेवर पडायला लागले. मी गिटार हातची गेली म्हणून रडत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता, आणि काकांची मान हलत होती म्हणून मी वाजवत होते.